थर उतरवण्याची शिस्त : गोविंदा पथकात शिकलेले रोजच्या कामात कसे वापरावे

मुंबईतील बहुतेक गोविंदा पथकांचा सराव गुरुपौर्णिमेला नारळ वाढवून सुरू होतो आणि गोपाळकाल्याच्या दिवशी संपतो. आषाढी पौर्णिमेपासून श्रावण वद्य नवमीपर्यंतचा हा काळ एरवी साधारण साडेपाच आठवड्यांचा असतो. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे तो नऊ आठवड्यांच्या पुढे गेला होता. या दिवसांत लालबाग, वरळी, दादर, घाटकोपर, जोगेश्वरी अशा भागांतील चाळींची पटांगणे आणि शाळांची मैदाने रात्री उशिरापर्यंत जागी असतात. दिवसभर नोकरी करून, लोकलमधून उभ्याने घरी येऊन, दोन घास खाऊन मुलेमुली पुन्हा बाहेर पडतात आणि पावसाने ओल्या झालेल्या जमिनीवर अनवाणी उभी राहतात. हंडी फुटली की पुढच्या गुरुपौर्णिमेपर्यंत यातले काहीच उरत नाही असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. महिला पथकाच्या खालच्या आणि मधल्या थरांत अनेक वर्षे उभी राहिल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. थरांत शरीर जे शिकते ते नोकरीत, घरात, आजारपणात आणि पैशाच्या व्यवहारातही उपयोगी पडते. मात्र ते आपोआप उपयोगी पडत नाही, जाणीवपूर्वक तिकडे न्यावे लागते, आणि ते कसे न्यावे हे येथे सांगायचे आहे.

हे मुख्यतः यंदा पहिल्यांदा पथकात जाणाऱ्या मुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी लिहिले आहे. ज्यांना थरात कधीच उभे राहायचे नाही, पण चार माणसांना बरोबर घेऊन जबाबदारीचे काम करावे लागते, त्यांनीही ते वाचावे.

आपल्या थरांशी जवळचे नाते असलेला एक खेळ म्हणजे स्पर्धात्मक चीअरलीडिंग. त्याचे नाव घेतले की २००८ पासून आयपीएलच्या सामन्यांत सीमारेषेजवळ नाचणाऱ्या मुलीच आपल्याकडे आठवतात, आणि त्यामुळे त्या खेळातील कष्टांची कल्पना येत नाही. १८९८ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेण्यापासून त्याची सुरुवात झाली. आज अडीच मिनिटांच्या सादरीकरणात कोलांट्या, उड्या, मनोरे आणि माणसाला उंच उडवून झेलणे हे सारे बसवावे लागते, आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली आहे. खाली उभी राहून भार घेणारी बेस, वर जाणारी फ्लायर आणि मागे उभी राहून वरच्या मुलीचे डोके व मान सांभाळणारी स्पॉटर, अशी तेथे कामाची वाटणी असते. थर लावणाऱ्या कोणालाही ही वाटणी ओळखीची वाटेल. त्या खेळाने एक गोष्ट आपल्याहून अधिक नेटाने केली आहे : सांभाळणाऱ्या माणसाला त्याने स्वतंत्र जागा, स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र प्रशिक्षण दिले आहे.

जागा कशी ठरवावी

पथकात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नव्या मुलीला वर जायचे असते. प्रशिक्षक मात्र इच्छा विचारण्याआधी वजन, उंची, खांद्यांची रुंदी आणि गुडघ्यांची स्थिती पाहतात. सर्वांत खाली भक्कम बांध्याच्या आणि शक्यतो सारख्या उंचीच्या मुली लागतात, कारण एकीचा खांदा दोन बोटे खाली असला तरी वरच्या थराचा तोल त्या बाजूला जातो. मधल्या थरांत ताकद आणि चपळाई दोन्ही लागतात, कारण तेथील मुलीला आधी चढायचे असते आणि चढून झाल्यावर लगेच दुसरीचा भार घ्यायचा असतो. सर्वांत वरचा एक्का हलका आणि शांत स्वभावाचा असावा लागतो. या सर्वांभोवती पुढच्या मुलीच्या पाठीला छाती लावून आत रेटणारी, हात वर धरून उभी राहणारी मोठी फळी असते, जिची गणना कोणत्याही थरात होत नाही आणि जिच्याशिवाय कोणताही थर उभा राहत नाही.

मिळालेली जागा स्वीकारल्यानंतर पहिल्या आठवड्यात एक काम आवर्जून करावे. आपल्या जागेखेरीज उरलेल्या प्रत्येक जागेवर, दोन-तीन थरांपुरते का होईना, एकदा उभे राहून पाहावे. खाली उभी राहणारी मुलगी एकदा वर गेली की ओल्या टी-शर्टवर पाऊल कसे सरकते ते तिला कळते, आणि वरची मुलगी एकदा खाली उभी राहिली की घाईने टाकलेली टाच मानेच्या शिरेवर कशी बसते ते तिला कळते. हे कळल्यावर दोघींच्या वागण्यात जो फरक पडतो तो कितीही सांगून पडत नाही.

कार्यालयात हेच करता येते. नव्या नोकरीत पहिल्या महिन्यातच आपले काम ज्यांच्याकडून येते आणि ज्यांच्याकडे जाते त्या दोघांच्या शेजारी अर्धा-अर्धा दिवस बसण्याची परवानगी मागावी. हिशेब तपासणाऱ्या मुलीने बिले गोळा करणाऱ्या माणसाबरोबर एक फेरी मारली, तर अपुरी बिले का येतात हे तिला समजते आणि पुढची कित्येक भांडणे टळतात. घरातही सासू, सून, मुलगा यांनी एकमेकांचे एकेक काम आठवडाभर करून पाहावे.

ज्या मुलींना खालचा थर मिळतो त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगते. तुमचे छायाचित्र कोठेही छापून येणार नाही आणि तुम्ही केलेले काम तुम्हाला स्वतःलाही दिसणार नाही, कारण तुमची मान खाली असेल. म्हणून सराव संपल्यावर वरच्या मुलीकडे जाऊन तिला विचारा, की आज माझा खांदा कसा लागला. आपल्या कामाची खबर आपणच मागून घ्यायची सवय ज्यांना लागते, त्यांना पुढे वरिष्ठांच्या शाबासकीसाठी कुढत बसावे लागत नाही.

भार घेण्याआधी

बांगड्या, अंगठ्या, साखळ्या, कानातले सर्व काढून ठेवावे, नखे कापावीत आणि केस मानेच्या वर घट्ट बांधावेत, कारण मोठा अंबाडा वरच्या मुलीच्या पावलाची जागा अडवतो. उभे राहताना पाय खांद्यांच्या रुंदीएवढे दूर, गुडघे किंचित सैल, कंबर आणि पाठ एका रेषेत असावी. गुडघे मागे ताणून कुलूप लावल्यासारखे धरले तर सुरुवातीला सोपे वाटते. पण भार वाढल्यावर किंचितही सावरायला वाव राहत नाही. हात शेजारणींच्या खांद्यांवर घट्ट असावेत. चढणाऱ्या मुलीने पाऊल खांद्याच्या टोकावर किंवा गळपट्टीच्या हाडावर न ठेवता मानेच्या अगदी लगत, मांसल भागावर ठेवावे.

भाराचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा, म्हणजे शिस्तीचे कारण पटते. समजा खाली चौघी आहेत आणि त्यांच्या वर प्रत्येकी ५५ किलोच्या सहा मुली चढल्या आहेत. एकूण भार ३३० किलो झाला, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ८२ किलो. हा आकडा सर्वजणी सरळ उभ्या असतील तेव्हाचा आहे. वरची एखादी मुलगी एका बाजूला झुकली की त्या बाजूच्या दोघींवरचा भार झपाट्याने वाढतो आणि पलीकडच्या दोघींना हलके वाटू लागते. धोका ओळखण्याची खूण त्या हलक्या बाजूलाही असते. म्हणून सरावात मुलींना सांगावे, की भार वाढला तर बोलाच. पण अचानक कमी झाला तरीही बोला.

हा नियम मला घरच्या आजारपणात फार उपयोगी पडला. वडिलधाऱ्या माणसाची दीर्घ शुश्रूषा करताना भावंडांमध्ये एकीवर सर्व येऊन पडते ते एका दिवसात होत नाही. इतरांना हळूहळू हलके वाटू लागते आणि ते हलके वाटणे सुखाचे असल्यामुळे कोणी त्याची चौकशी करत नाही. ज्या भावंडाला आपले दिवस बरे चालले आहेत असे वाटते, त्याने त्याच आठवड्यात फोन करून विचारावे, की माझ्या वाट्याचे कोण करत आहे. दर रविवारी ठरलेल्या वेळी प्रत्येकाने आपल्याकडे काय आहे एवढेच सांगायचे, तक्रार किंवा सल्ला नको, अशी पद्धत घातली तर ती बरीच वर्षे टिकते.

आवाज एकाचाच

खालच्या थरातील मुलीला जमीन, शेजारणींची पावले आणि स्वतःचे गुडघे यांशिवाय काहीही दिसत नाही. वर कोण चढले, किती थर झाले, एक्का उठला की नाही, हे तिला फक्त कानांनी कळते. म्हणून सूचना देणारा माणूस एकच असावा लागतो. तो थोडा दूर, सर्व थर दिसतील अशा जागी उभा राहतो, आणि त्याच्या शिटीचे किंवा शब्दांचे अर्थ सरावाच्या पहिल्याच दिवशी ठरलेले असतात. उत्साहाच्या भरात बाहेरून दहा जण ओरडू लागले की वरच्या मुलीला नेमकी कोणाची सूचना पाळायची ते समजत नाही, आणि अर्धवट उचललेले पाऊल हवेत राहते. नव्या पथकाने थर वाढवण्याआधी गप्प राहण्याचा सराव करावा, असे मी आग्रहाने सांगते. दोन रात्री तीनच थर लावावेत आणि प्रशिक्षकाखेरीज कोणीही शब्द उच्चारू नये.

याला एकच अपवाद असतो. ‘थांब’ हा शब्द कोणालाही उच्चारता आला पाहिजे, अगदी काल आलेल्या मुलीलाही, आणि तो ऐकल्याबरोबर चढणे थांबले पाहिजे. का थांबायचे हे नंतर खाली उतरल्यावर विचारायचे असते. ज्या पथकात ‘थांब’ म्हणणाऱ्या मुलीला नंतर टोमणे मारले जातात, तेथे पुढच्या वेळी ती दुखरा गुडघा घेऊन गप्प उभी राहते, आणि थर कोसळतात ते बहुधा अशाच गप्प राहिलेल्या गुडघ्यांमुळे. पालकांनी पथक निवडताना ट्रॉफ्या पाहू नयेत; एक संध्याकाळ मैदानाच्या कडेला उभे राहून ‘थांब’ म्हटल्यावर तेथे काय होते ते पाहावे.

कामाच्या ठिकाणी हे आणायचे असेल तर दोन गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात : अंतिम सूचना कोण देणार, आणि काम थांबवण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे. पहिल्या यादीत एकच नाव असावे आणि दुसऱ्या यादीत सर्वांची नावे असावीत. प्रत्यक्षात अनेक कार्यालयांत याच्या नेमके उलट चालते. सूचना पाच जण देतात आणि थांबवण्याचा अधिकार साहेबांखेरीज कोणालाच नसतो. तुम्ही स्वतः साहेब असाल, तर पहिल्यांदा जो कनिष्ठ सहकारी काम थांबवेल त्याचे सर्वांसमोर आभार माना, त्याची शंका पुढे चुकीची ठरली तरीही माना. त्या एका प्रसंगावरून बाकीचे लोक पुढची कित्येक वर्षे काय करायचे ते ठरवतात.

उतरण्याचा सराव

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पथकांची मोजदाद थरांनी होते. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनेस विक्रम केला आणि २०२५ साली ठाण्यातच दहा थर लागले, हे मुंबईत शाळकरी मुलांनाही पाठ असते. एवढे थर उतरवताना काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. हंडी फुटली की मनोरा कसाही विस्कटला तरी चालतो, पाणी उडते, लोक ओरडतात आणि वरची मुले खालच्यांच्या अंगावर येतात. माझ्या अनुभवाने चढताना झालेल्या दुखापतींपेक्षा उतरताना झालेल्या दुखापतीच अधिक पाहायला मिळाल्या, आणि त्याचे कारण असे, की चढताना सर्वांचे लक्ष असते व उतरताना ते सुटलेले असते.

स्पेनमधील कातालोनिया प्रांतात आपल्यासारखेच मानवी मनोरे लावण्याची दोनशे वर्षांहून जुनी परंपरा आहे आणि २०१० साली युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तारागोना शहरात दर दोन वर्षांनी त्यांची मोठी स्पर्धा भरते. सर्वांत वर पोहोचलेले मूल हात वर करते तेव्हा मनोरा ‘चढला’ असे मानतात; पण पूर्ण गुण तो न कोसळता, थरामागून थर उतरला तरच मिळतात, आणि चढून कोसळलेल्या मनोऱ्याला कमी गुण दिले जातात. हा नियम आपल्याकडच्या प्रत्येक स्पर्धेत यावा असे मला मनापासून वाटते. आपल्या परंपरेत त्याला जागाही आहे, कारण सलामी म्हणजे तरी काय? हंडीला हात न लावता थर लावायचे, एक्क्याने उभे राहून हात जोडायचे आणि सर्वांनी शांतपणे उतरायचे. उत्तम सलामी देणाऱ्या पथकाचा दर्जा जाणकारांना हंडी न फोडताही कळतो.

उतरण्याचा सराव पुढील रीतीने करावा. जितके थर उतरवता येतात तितकेच आपल्याला लावता येतात, असे धरून चालावे. तीन थर लागोपाठ अनेक रात्री न डळमळता उतरले, तरच चौथा थर चढवावा. उतरताना सर्वांत वरची मुलगी आधी निघते आणि ती चढताना वापरलेल्याच वाटेने, त्याच खांद्यांवरून आणि पाठींवरून खाली येते. उडी मारत नाही. तिचे पाऊल सुटले की तिच्या खालच्या मुलीला एकदम हलके वाटते आणि नेमक्या त्याच क्षणी तिने अंग सैल सोडता कामा नये. मधल्या थराने आपल्या खालचा थर पूर्ण मोकळा होईपर्यंत बोलू नये, हसू नये. सर्वांत खालच्या मुलींनी शेवटचे पाऊल जमिनीला लागल्याची सूचना ऐकल्यावरच मान वर करावी आणि मग एकमेकींचे हात एकदम न सोडता क्रमाने सोडावेत. चढायला जितका वेळ लागला तितका वेळ उतरायलाही लागला पाहिजे, म्हणून प्रशिक्षकाने दोन्ही वेळा घड्याळावर मोजाव्यात.

रोजच्या जगण्यात याचा उपयोग सर्वांत मोठा आहे, कारण आपण सर्वजण चढण्याच्या योजना करतो आणि उतरण्याच्या करत नाही. घरासाठी कर्ज घेताना हप्ता कसा भरायचा याचे गणित मांडले जाते. नोकरी गेली तर कोणत्या महिन्यात, कोणत्या क्रमाने कोणता खर्च बंद करायचा हे मात्र लिहून ठेवलेले नसते. ते कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधीच्या संध्याकाळी नवरा-बायकोने एका पानावर लिहावे. आधी काय सोडायचे, नंतर काय, आणि कोणत्या गोष्टीला शेवटपर्यंत हात लावायचा नाही, एवढे तीन टप्पे पुरतात. मुलांच्या शाळेची फी आणि आरोग्य विम्याचा हप्ता हा घराचा खालचा थर आहे. तो सर्वांत शेवटी मोकळा व्हायचा असतो. पैसे कमी पडले की अनेक घरांत विम्याचा हप्ता सर्वांत आधी चुकवला जातो, कारण तो न भरल्याचे लगेच काही जाणवत नाही.

नोकरी सोडतानाही हाच क्रम पाळावा. राजीनामा दिलेल्या दिवसापासून मन बाहेर पडलेले असते आणि शेवटचे आठवडे ढिले जातात. अशा वेळी आपल्या हाताखालच्या कामांची यादी करावी, प्रत्येक काम कोणाच्या खांद्यावर जाणार ते नावानिशी ठरवावे, त्या माणसाला ते काम आपल्यासमोर एकदा करायला लावावे आणि त्याने ‘घेतले’ असे तोंडाने म्हटल्यावरच आपला हात काढावा. एखादा छोटा व्यवसाय बंद करायचा असेल तर कामगारांची देणी, पुरवठादारांची बिले आणि मग जागेचा ताबा, असा क्रम आधीच आखावा. सार्वजनिक मंडळाचे अध्यक्षपद सोडणारे कितीतरी लोक बँकेच्या पासबुकाखेरीज काहीही पुढच्याच्या हाती देत नाहीत, आणि मग मंडळाची दोन वर्षे परवानग्यांची कागदपत्रे शोधण्यात जातात.

उतरण्याचा निर्णय कोणी आणि केव्हा घ्यायचा, हेही आधी ठरवावे. थर पाचवर असताना वरून थरथर जाणवू लागली तर सहावा चढवायचा की उतरायचे, हे त्या क्षणी खालून वर पाहणाऱ्या हजारो लोकांच्या आवाजात ठरवता येत नाही. म्हणून सरावातच सांगितलेले असते, की एकदा थरथर सुरू झाली आणि ती दोन खोल श्वासांत शमली नाही तर उतरायचे; त्यावर चर्चा नाही. आपल्या उपक्रमांनाही अशी एखादी खूण लावून घ्यावी. अमुक महिन्यापर्यंत अमुक इतके ग्राहक झाले नाहीत तर दुकान आवरायचे, असे सुरुवातीला शांत डोक्याने लिहिलेले वाक्य पुढे फार मोठा आधार देते.

पडल्यानंतर

थर कोसळतात. तसे झाल्यावर काय करायचे हे प्रत्येकीला ठाऊक असले पाहिजे. पडताना हनुवटी छातीकडे घ्यावी, हात मागे टेकून अंग सावरण्याचा प्रयत्न करू नये, आणि भोवतालच्या फळीने पडणाऱ्या मुलीचा हात किंवा पाय न धरता तिचे धड आणि डोके झेलावे. फळीतील प्रत्येकीची नजर वर असली पाहिजे. चीअरलीडिंगमध्ये स्पॉटर वरच्या मुलीवरून नजर हलवत नाही, आणि अमेरिकेतील महाविद्यालयीन नियमांनी मनोऱ्याची उंचीही अडीच माणसांपुरती मर्यादित ठेवली आहे. आपले थर त्याहून कितीतरी उंच जातात, तेव्हा आपल्या फळीची जबाबदारीही तितकीच मोठी ठरते. सर्वांत वरच्या गोविंदाला हेल्मेट आणि कमरेला दोर हवाच. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल तर त्या मुलीला उठवून बसवू नये, हलवू नये, पाणी पाजू नये. डोके स्थिर धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मोटारसायकलवर मध्ये बसवून रुग्णालयात नेण्याची जी पद्धत दिसते ती ताबडतोब थांबली पाहिजे.

दुखापतीची व्यवस्था लागल्यावर त्याच रात्री सर्वांनी खाली बसावे आणि सर्वांत खालच्या थरापासून बोलायला सुरुवात करावी. कोणाला कोठे, केव्हा, काय जाणवले एवढेच सांगायचे. वरच्या मुलींनी सर्वांत शेवटी बोलावे, कारण पडणाऱ्या मुलीकडे सर्वांचे डोळे असतात आणि तिने आधी क्षमा मागितली की खरे कारण शोधण्याचे काम तेथेच संपते. कार्यालयातील एखादे काम फसले तरी बैठकीत हाच क्रम ठेवावा : जो प्रत्यक्ष हाताने काम करतो त्याला आधी बोलू द्यावे आणि ज्याच्या नावावर ते काम आहे त्याने शेवटी बोलावे.

प्रत्यक्ष दिवशी

गोपाळकाल्याच्या दिवशी नवे काहीही करू नये. सरावात जेवढे थर शांतपणे उतरले तेवढेच त्या दिवशी लावावेत. आयोजक ध्वनिक्षेपकावरून आणखी एका थराचे बक्षीस जाहीर करतात, समोर मान्यवर बसलेले असतात, कॅमेरे असतात, आणि पथकातल्याच काही जणी ‘होऊन जाऊ दे’ म्हणतात. अशा वेळी नकार देण्याचे काम आधीच एका व्यक्तीकडे सोपवलेले असावे आणि तिच्या शब्दावर कोणीही पुन्हा बोलू नये. रिकाम्या पोटी उभे राहू नये, दर थोड्या वेळाने पाणी प्यावे, आणि एका हंडीवरून दुसरीकडे जाताना दुचाकीवर हेल्मेट घालावे. दिवसभराच्या धावपळीत सहाव्या-सातव्या हंडीपाशी पाय थकलेले असतात, तेव्हा एक थर कमी लावणे हेच शहाणपण.

पालकांनी दोन गोष्टींची खातरजमा आधी करावी. चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही, अशी हमी राज्य सरकारने २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात दिली आहे, तेव्हा लहान मुलीला कोणी गोडीगुलाबीने वर चढवत असेल तर स्पष्ट नकार द्यावा. दहीहंडीला २०२२ साली साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाल्यापासून गोविंदांच्या विम्याची व्यवस्था होते. पण त्या यादीत आपल्या मुलीचे नाव, वय आणि पत्ता बरोबर लिहिला आहे का, हे आपण स्वतः पाहावे.

जागा सोडताना

खालच्या थरातील मुलीचे गुडघे आणि कंबर तिला वेळेवर सांगतात. सरावानंतरचे दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळी जात नसेल आणि जिना उतरताना कठड्याला हात लावावा लागत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि प्रशिक्षकांना त्याच आठवड्यात सांगावे. ऐन दहीहंडीच्या तोंडावर सांगितले तर तुमच्या जागी येणाऱ्या मुलीला भाराची सवय होत नाही. सर्वांत चांगला मार्ग असा, की जागा सोडण्याच्या आदल्या वर्षीच तुमच्या बांध्याची एक मुलगी निवडावी, तिला तुमच्या शेजारी उभे करावे आणि सरावाच्या निम्म्या रात्री तुमच्या जागेवर तिला उभे करून तुम्ही तिच्या मागच्या फळीत छाती लावून उभ्या राहाव्यात. तिला तुमच्या सवयी सांगाव्यात : डावीकडची शेजारीण तोल जाताना कोणत्या बाजूला झुकते, दुसऱ्या थरातील कोणती मुलगी टाच आधी टेकते, प्रशिक्षकांचा आवाज पावसात कोठून ऐकू येत नाही. या गोष्टी कोठेही लिहिलेल्या नसतात आणि प्रशिक्षकांनाही ठाऊक नसतात. पुढच्या गुरुपौर्णिमेला नारळ वाढवताना तुम्ही मैदानात हजर राहावे, थरांची जुळणी करताना तिचे नाव तुमच्या जागी तुम्ही स्वतः सुचवावे, आणि तिच्या मागच्या फळीतील पहिली जागा स्वतःकडे मागून घ्यावी.